पुढचा भात मागे न्या

पत्र :

ताई, नमस्कार.

मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते. वय ५१. घाटकोपरला एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. जूनमध्ये तपासण्या केल्या. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.२ आलं, उपाशीपोटीची साखर १०८ आणि हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टर म्हणाले, ‘मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. पाच-सहा किलो वजन उतरवा.’ आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला. भात बंद, साखर बंद, मैदा बंद, तळलेलं बंद, रात्री ओट्स नाहीतर सूप. नऊ दिवस अगदी काटेकोर पाळलं. दहाव्या दिवशी रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवा न लावता, उभ्याउभ्याने बाकरवडीचं अर्धं पाकीट संपवलं. तेव्हापासून आठ दिवस पथ्य आणि दोन दिवस धुमाकूळ असं चाललंय.

दर शनिवारी मामलेदारची मिसळ हा आमचा लग्नापासूनचा नेम. आता हे आणि ह्यांचे दोन मित्र खातात, मी समोर बसून बघते आणि घरी आले की संध्याकाळपर्यंत काहीबाही चरत राहते. एरवी माझं खाणं फार नाही हो. दिवसातून चार वेळा चहा, दीड चमचा साखर (ती काही सुटली नाही), बरोबर दोन बिस्किटं. येताना गाडीत मैत्रिणी डबे उघडतात, तेवढंच. रात्री जेवायला साडेनऊ होतात.

मुलगी पुण्याला असते. रोज फोनवर विचारते, ‘आई, आज काय खाल्लंस?’ मी चक्क खोटं सांगते.

आई दीड वर्षापूर्वी गेली. तिने केलेल्या मेतकुटाचा डबा फ्रीजमध्ये तसाच आहे. भातच बंद, तर तो उघडून करू काय?

आता जन्मभर आवडीचं काही खायचंच नाही का?

– एक खादाड

उत्तर :

अहो ताई, आधी ती सही बदला. नऊ दिवस रात्री साडेनऊला ओट्स खाऊन झोपणारी बाई खादाड कशी? दहाव्या दिवशी तुम्हाला भूक लागली, एवढंच झालं.

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षांपासून मधुमेह सांभाळतेय आणि त्याच्या आधीची पन्नासेक वर्षं नौपाड्यात यथेच्छ खात काढली आहेत, तेवढ्या अधिकाराने लिहिते. मलाही असाच कागद मिळाला होता. त्यावर झुकिनी होती. मी जांभळी नाक्याच्या मंडईत जाऊन विचारलं, तर भाजीवाला म्हणाला, ‘काकू, दुधी घ्या, त्याचीच बहीण आहे.’ दुधी घेऊन घरी आले. त्या कागदाचं पुढे काय झालं ते आठवत नाही.

तुमच्या आकड्यांपासून सुरुवात करते, कारण निम्मी भीती तिथे आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात, ६.५ पासून मधुमेह. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ म्हणजेही तीच अवस्था. तेव्हा डॉक्टर उंबरठा म्हणाले ते बरोबर आहे. ह्या उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. अशा उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर तो केला होता. त्यातल्या ज्या गटाला वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा असं ध्येय दिलं होतं, त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमच्या डॉक्टरांचे पाच-सहा किलो बहुधा याच हिशेबातले असणार.

आणखी एक. तुमचं हिमोग्लोबिन ९.८ आहे. बायकांमध्ये ते १२ च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात. शरीरात लोह कमी असलं की एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडं चढं दिसू शकतं, कारण ती तपासणी तांबड्या पेशींवरच चालते. म्हणून तुमचं ६.२ खोटं, असा अर्थ काढू नका. उपाशीपोटीचे १०८ त्याला साक्षीला आहेतच. पण डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा आणि रक्तक्षयाचं कारणही शोधायला सांगा. पाळी जाण्याच्या वयात ह्याकडे आपण ‘बायकांना असतंच’ म्हणून कानाडोळा करतो. रोजचा थकवा आणि संध्याकाळी काहीतरी गोड-खारं तोंडात टाकावंसं वाटणं, ह्यातही त्याचा हात असू शकतो.

आता मिसळ. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी हे तुमच्या मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतं. तीन महिने म्हणजे ९० दिवस, दिवसाला तीन जेवणं धरली तर २७०. त्यातल्या मिसळी किती? बारा, फार तर तेरा. तुम्ही हिशेब लिहिता ना? मग हाही मांडा. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दीड चमचा साखर, म्हणजे रोज सहा चमचे. तीन महिन्यांत ५४० चमचे. चहाचा एक चमचा साखर ४ ते ५ ग्रॅम भरते. म्हणजे दोन-अडीच किलो साखर नुसत्या चहातून गेली. बिस्किटं ७२०. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. तुमची ती हद्द चौथ्या चहाला संपते, बिस्किटं वेगळीच.

आणि ह्या ७२० बिस्किटांतलं एक तरी तुम्हाला आठवतं का? पत्रात मिसळीचा नेम लग्नापासूनचा म्हणून सांगितलात, बाकरवडीची रात्र वेळेसकट सांगितलीत. बिस्किटांना मात्र ‘बरोबर दोन’ एवढ्यावर उरकलंत. त्यांची आवड नाहीच मुळी, ती नुसती बशीत येतात. तुम्ही केलंत काय, तर ज्यावर जीव आहे ते सगळं बंद केलंत आणि ज्याचं काहीच वाटत नाही ते चालू ठेवलंत.

तर उलटं करायचं. बिस्किटं आजपासून बंद, त्यांच्यासाठी तुम्हाला रडू येणार नाही. चार चहांपैकी सकाळचा पहिला तुमचा खरा चहा असेल, बहुतेकींचा असतो. त्यात साखर राहू द्या, एक सपाट चमचा. ऑफिसातल्या तीनपैकी एक सोडा, उरलेल्या दोनांत दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत जा. मी दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला चार महिने घेतले. पहिला आठवडाभर चहा म्हणजे कोमट काढा वाटायचा. आता लग्नकार्यात हॉलवरचा चहा मिळाला तर पाक प्यायल्यासारखं होतं. जेवणावर लगेच चहा घेत असाल तर तो मात्र तासभर लांबवा, अन्नातलं लोह अंगी लागायला चहा आड येतो. आणि कुणी साखरेऐवजी गूळ घाला म्हणून सांगेल. चवीला घाला, पण रक्तातली साखर गुळानेही वाढतेच.

दुसरी जागा संध्याकाळची. दुपारी एकला डबा खायचा आणि रात्री साडेनऊला जेवायचं, मधे साडेआठ तास. त्यात घाटकोपरची गर्दी, लेडीज डब्यात कुणाचा चिवडा, कुणाच्या शंकरपाळ्या, ठाण्याला उतरलं की पुलाखाली कढईतून निघणाऱ्या वड्यांचा वास. ह्या वेळी संयम ठेवायला सांगणाऱ्या माणसाने एकदा साडेसहाच्या स्लो लोकलने उभं राहून यावं. उपाय साधा आहे. पाच वाजता, भूक कडकडून लागायच्या आधी, मूठभर फुटाणे आणि एखादं पेरू किंवा सफरचंद खा. तीस ग्रॅम फुटाण्यांतून सहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात, रात्रीपर्यंत तग धरता येतो. मग मैत्रिणीच्या डब्यातली एक शंकरपाळी घ्या की. भूक नसताना एकीवर थांबता येतं.

रात्रीचं जेवण. ओट्सशी माझं वैर नाही, ज्यांना आवडतात त्यांनी खुशाल खावेत. पण तुम्ही ते दंड भरल्यासारखे खाता आणि दोन तासांनी फ्रीज उघडता. तुमच्याच घरात जे रांधतात त्यातलं घ्या ना. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची नाहीतर मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक. भाजणीचं एक थालीपीठ आणि वाटीभर दही. मूगडाळीच्या खिचडीत डाळ आणि तांदूळ सारखे घ्या, भाज्या घाला. हे सगळं ‘डाएट’ म्हणून विकत नाहीत म्हणून आपल्याला त्याचा भरवसा वाटत नाही. जेवल्यावर कचराळी तलावावर पंधरा मिनिटं चाला, ह्यांनाही न्या. जेवणानंतर चाललं की स्नायू साखर ओढून घेतात आणि ती रक्तात तितकी चढत नाही.

भाताचं मात्र सविस्तर सांगते, कारण ‘भात बंद’ हे दोन शब्द मराठी माणसाला फार लागतात.

आपल्या पंगतीत दोनदा भात असतो. पहिला वरण-भात-तूप-लिंबू, तो पुढचा भात. शेवटी ताक-भात किंवा दही-भात, तो मागचा भात. उपाशीपोटी पहिला घास भाताचा, तोही मऊ शिजलेल्या, म्हणजे साखर भरभर चढणार. तोच भात कोशिंबीर, उसळ, भाजी पोटात गेल्यावर खाल्ला तर चढ मंदावतो. जेवणाचा क्रम बदलून हे तपासलेलं आहे. मी माझ्या साखर मोजायच्या यंत्रावर घरीही पाहिलं, तोच भात आणि तीच उसळ, एकदा भात आधी, एकदा शेवटी. माझ्या बाबतीत फरक स्वच्छ दिसला. म्हणून आमच्याकडे पुढचा भात गेला, मागचा राहिला. ताटाच्या डाव्या बाजूला लिंबाच्या फोडीशेजारी चमचाभर वाढतो ती कोशिंबीर आता वाटीभर घेते आणि जेवण तिथून सुरू करते. भात शेवटी, वाटीने मोजून, एक वाटी. मोजताना डावाने घेऊ नका, डाव लबाड असतो. एक वाटी भात म्हणजे साधारण दीड-दोन पोळ्यांचा ऐवज, तेव्हा त्या दिवशी तेवढ्या पोळ्या कमी करा. सुटीच्या दिवशी रात्रीच्या उरलेल्या भाताचा फोडणीचा भात केलात तर त्यात शेंगदाणे, मटार, कोबी भरपूर घाला. गार झालेल्या भातातल्या काही पिष्टाचं पचन सावकाश होतं हे खरं, पण त्या भांडवलावर दोन वाट्या खाऊ नका.

आता मिसळीचा बेत आखू. शुक्रवारी रात्री ‘उद्या मिसळ आहे’ म्हणून उपाशी झोपू नका. वखवखून गेलं की पहिले चार घास चवीशिवायच जातात. मिसळ हेच त्या वेळचं जेवण समजा, ती खाऊन घरी येऊन परत पोळी-भाजी नको. मिसळीचा गाभा उसळच आहे. खटकणारं सगळं तिच्या आजूबाजूला असतं, म्हणजे वरचं फरसाण, कटावरचा तवंग आणि पाव. फरसाण कमी घालायला सांगा. पाव एक. तो एकावर कसा भागतो ह्याची युक्ती मला फार उशिरा सापडली. तिखट कमी सांगायचं. झणझणीत मागवली की तोंड विझवायला माणूस पाव खातो, पाव संपला की आणखी रस्सा, रस्सा आला की आणखी पाव. मध्यम तिखटात चमच्याने उसळ खाता येते आणि पाव शेवटच्या रश्शात बुडवायला पुरतो. तो बुडवलेला घास हीच मिसळीची खरी मजा, हे तुम्हाला मी काय सांगू! ह्यांचे मित्र हसतील. हसू देत, त्यांचेही रिपोर्ट येतीलच कधीतरी. तिथून चालत तलावपाळीला जा आणि मासुंदा तलावाला एक सावकाश फेरी मारा. पाणीपुरीच्या बाजूने न जाता, एवढंच.

समोर बसून बघायचं मात्र बंद. ती मिसळ न खाण्याची किंमत तुम्ही संध्याकाळपर्यंत चिवडा, खारी, वेफर्स अशा हप्त्यांनी फेडता.

बाकरवडीलाही घरातून हाकलू नका, पण अर्धा किलोच्या पाकिटाला दार बंद. दुकानातून सुटी शंभर ग्रॅम आणा, दोघांत. बशीत काढा, दिवा लावा, खुर्चीवर बसा. हसू येईल, पण करून बघा. अंधारात उभ्याने खाताना अर्धं लक्ष बेडरूमच्या दाराकडे असतं, खसखस आणि खोबरं दाताखाली आलं तरी कळत नाही. बसून खाल्ल्या तर पाच-सहात आटोपतं. नाही आटोपलं तर सातवी खा, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे नाश्ता करा. नाश्ता गाळून भरपाई करायला गेलात की संध्याकाळी पुन्हा तेच चक्र.

उपासाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण चतुर्थी-एकादशी करत असाल तर साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे एवढं ध्यानात ठेवा. खिचडीत दाण्याचं कूट सढळ, खिचडी वाटीभर, शेजारी दही-काकडी. दिवसभर तीच खायची असेल तर तो उपास नव्हे.

लेकीचं काय? तिच्याशी खोटं बोलता ह्याचं तुम्हाला वाईट वाटतंय, पण प्रश्नच असा आहे की खोटं सुचावं. तिला सांगा, ‘बाळा, रोज विचारू नकोस. रविवारी मी आपणहून सगळं सांगेन, बाकरवडीसकट.’ ती काळजीपोटी विचारते, पण लांब असलेल्या मुलांना आईच्या तब्येतीतलं एवढंच हाती लागतं, की काय खाल्लंस विचारायचं. तिला दुसरं काम द्या. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करायचं आहे, त्याची तारीख तिलाच ठरवू दे. शिवाय कमरेचा घेर टेपने मोजून तिला कळवा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत तो असावा असं मानतात. वजनकाटा महिनाभर रुसून बसतो तेव्हा टेप कधीकधी बरी बातमी देते. कागद देणाऱ्या त्या बाईंकडेही एकदा परत जा. भात, मिसळ, रात्री साडेनऊ, सगळं खरं सांगा आणि दुसरा कागद मागा. पुढे गोळ्या सुरू झाल्या तर वरचं सगळं डॉक्टरांना विचारून.

आणि मेतकूट.

बाकरवडीला तुम्ही चार ओळी दिल्यात, आईच्या डब्याला दोन. त्या दोन मी जास्त वेळा वाचल्या. माझ्याही आईची लिंबाच्या लोणच्याची बरणी तीन वर्षं होती. संपेल म्हणून काढत नव्हते. एक दिवस झाकण उघडलं तर वर पांढरी बुरशी. मग ओट्यापाशी बसून रडले, आणि ते लोणच्यासाठी नव्हतं.

तुमच्या डब्यात डाळी आहेत, गहू-तांदूळ आहेत, धणे-जिरं, मोहरी-मेथी, हिंग, सुंठ. सगळं भाजून दळलेलं, म्हणून टिकलं. पण दीड वर्ष फार झालं. फ्रीजमध्ये असलं तरी त्याचा वास रोज थोडा उतरतोय. ह्या रविवारी डबा बाहेर काढा, सादळू नये म्हणून फ्रीजबाहेर तासभर राहू द्या आणि मग उघडा. आधी हुंगा. हिंग-मेथीचा खमंग वास आला तर चिमूटभर जिभेवर ठेवा. खवट असेल तर वाईट वाटून घेऊ नका, खायचं मात्र नाही.

चांगलं निघालं तर त्या रात्री आधी वाटीभर कोशिंबीर आणि मुगाची उसळ खा. मग आंबेमोहराचा गुरगुट्या भात, एक वाटी, वाफ निघेल असा. त्यावर चमचाभर तूप, त्याच्या कॅलरी साधारण ४५, त्यांचा हिशेब मी धरला आहे. मीठ, आणि दोन चमचे मेतकूट. भाजलेला पोह्याचा पापड. हे जेवण करताना फोन बाजूला ठेवा, कुणाला फोटो पाठवू नका. महिन्यातून दोन वेळा केलंत तरी डबा दिवाळीपर्यंत पुरणार नाही बहुधा, म्हणून शेवटची वाटी उरली की पुन्हा दळायला घ्या.

त्यासाठीच विचारते, आईने प्रमाण कुठे लिहून ठेवलंय का? मावशी किंवा मामी असतील तर त्यांना विचारा. गव्हाला तांदूळ किती, सुंठ होती का, जायफळ घालायची का. माझ्या आईच्यात जायफळ नव्हतं, आणि तुमच्यात होतं की काय ते मला जाणून घ्यायचंय.